गळ्याशपथ

"चहाची चव वेगळी लागतेय," निनादने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "आई, तू यात काही घालतेस?"

आईने गाळणं नळाखाली धरलं. गोळ्या तो थुंकून टाकायचा, म्हणून हल्ली ती चहात औषधाचे थेंब घालत होती. मनोरुग्णांच्या पालकांच्या गटातल्या समुपदेशक बाई दर बैठकीला बजावायच्या, "मुलांशी खोटं बोलू नका. विश्वास गेला की सगळं गेलं." पण औषध बंद पडल्यावर गच्चीच्या कठड्यावर उभा राहिलेला निनाद बाईंनी कुठे पाहिला होता!

"नाही रे बाळा, तुझ्या गळ्याशपथ," ती म्हणाली.

त्याने कप पुन्हा उचलला. आई आपली खोटी शपथ घेणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"म्हणजे मला खरंच वेड लागलंय," असं पुटपुटत त्याने कप तोंडाला लावला.