साडेचौदा इंच

चिठ्ठीवर खांदा साडेचौदा इंच लिहिला होता. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साडेचौदाच.

"चुकलंय," ते म्हणाले. "काजळीचा खांदा साडेअठरा आहे. तीन वर्षं मीच कोट शिवतोय त्याचे."

"या वेळी हेच माप धरा, मास्तर," काजळीचा मॅनेजर म्हणाला. "आणि तो ट्रायलला येणार नाही. का, ते विचारू नका." एवढं बोलून तो घाईघाईने जिना उतरला.

विचारू नका म्हटलं की मास्तरांच्या डोक्यात किडा वळवळायला लागे. टीव्हीवर गायिका रडली तर ते म्हणत, डोळ्यांत काहीतरी घातलंय. नटनटीचं भांडण छापून आलं तर म्हणत, सिनेमा येत असेल. काजळी तर त्यांना पहिल्यापासून खटकत होता. सध्या पोराटोरांच्या तोंडी असलेला हा रॅपर. काळा मुखवटा, काळा कोट. चेहरा कुणी पाहिलेला नाही आणि आवाजही यंत्रातून काढलेला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. छातीचं माप घेताना मास्तर म्हणत, श्वास भरा, की हा धिप्पाड गडी मुखवट्याआड खोकायला लागे. गाण्यात मात्र एका दमात वीस वीस ओळी! आणि गंमत म्हणजे मास्तरांना त्याचे शब्द आवडत. रेडिओवर त्याचं गाणं लागलं की मशीनवरचा पाय आपोआप त्या तालात पडे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आवडत्या माणसाने फसवलं की जास्त लागतं, म्हणून रागही जास्त होता.

"कापड धुतल्यावर आटतं," रात्री जेवताना ते लेकीला, बारकीला, म्हणाले. "माणसाचं हाड आटतं का कधी चार इंच?"

बारकीचा वाढता हात थांबला. तिच्या अंगात कुणा गिऱ्हाइकाने नापसंत केलेला निळा शर्ट होता. लहानपणापासून ती असल्याच शर्टांवर वाढली होती. बाह्या दोनदा दुमडायच्या, आतून टाचणी लावायची, की झालं काम. दोन जास्तीच्या टाचण्या कायम तिच्या कॉलरमागे असत. शिंप्याच्या पोरीचे कपडे शिवायला वेळ कुणाला आहे, असं मास्तर चारचौघांत हसत सांगत. तीही हसायची.

"बाबा, चिठ्ठीत आहे तसंच शिवा ना," ती म्हणाली. "खांदा नीट बसायला हवा."

"आता तू शिकव मला! तोतया उभा करणार आहेत कार्यक्रमात, कळत कसं नाही तुम्हाला?"

"तोतयाच कशावरून?"

"माझी टेप खोटं बोलत नाही."

तिने त्याच कार्यक्रमाचा पहिल्या रांगेचा एक पास त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "पण तुम्ही या हं. नक्की या."

हा पास हिला कुठून मिळाला? रोज संध्याकाळी क्लास म्हणून ही जाते कुठे? फोनवर दार लावून कुजबुजते कुणाशी? असेल एखादा मुलगा. त्याचा छडा नंतर लावू, असं मास्तरांनी ठरवलं. आधी या काजळीला बघून घेऊ.

तीन दिवस ते मन लावून राबले. आत कडक अस्तर, खांद्यांवर पत्र्याच्या काळ्या चकत्या. खांदा साडेअठरा, बाही जुन्या मापाची. खरा काजळी आला तर कोट चपखल बसणार होता. तोतया आला तर भर सभागृहात उघडा पडणार होता. उसवायला वेळ मिळू नये म्हणून त्यांनी कोट कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पाठवला.

दिवे लागले आणि मुखवटा घातलेली आकृती मंचावर आली. कोटाचे खांदे दोन्हीकडून ओघळले होते. बाह्यांतून बोटंसुद्धा दिसत नव्हती. मागून कुणीतरी शिट्टी मारली, मग हशा पिकला, शेकडो मोबाइल वर झाले. माइक धरायला गेलेला हात बाहीतच अडकला आणि माइक खाली पडला.

मास्तर उठून उभेच राहिले. "बघा!" ते शेजारच्याला म्हणाले. "खोटा आहे! मी सांगत होतो!"

आकृती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने उजवी बाही दुमडली. एकदा, पुन्हा एकदा. कॉलरमागे हात घालून टाचणी काढली आणि न बघता आतून लावली. मग डावी बाही. एकदा, पुन्हा एकदा.

मास्तर मटकन खाली बसले.

तिने माइक उचलला. ताल सुरू झाला, पायमशिनचा, त्यांच्याच दुकानातला. आवाज आज यंत्रातून आला नाही. बाबा, जेवायला चला, म्हणून रोज हाक मारणारा तोच आवाज वीस ओळी एका दमात म्हणून गेला आणि सभागृहातला हशा कुठल्या कुठे विरला. तीन वर्षं मास्तरांनी ज्याच्या मापाचे कोट चपखल शिवले, तो गडी नुसता कोट मिरवायला होता.

आजूबाजूचे सगळे उभे राहून ओरडत होते. मास्तरांना चिठ्ठीवरचा तो आकडा दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच पोरीने बापाकडे स्वतःच्या मापाचं काहीतरी मागितलं होतं.