सौजन्याने

साहेब, तुम्ही माणसाला बोलावून घेता आणि पकडून देता. 'निर्भयपणे लिहा, तुमचं नाव कुणालाही कळणार नाही' हे तुमच्याच कारखाना-सुरक्षा खात्याच्या तक्रारीच्या पानावर मोठ्या अक्षरांत आहे. आज सकाळी त्या पानासमोर दोघं बसले होते. बघा काय झालं ते.

पान पांढरंफटक होतं.

"उघडलंच नाही की," दीर म्हणाला. तो कारखान्यात बॉयलरवर होता. दुपारच्या पाळीचा शर्ट घालूनच आला होता.

"मी अडवलंय," वहिनी म्हणाली. घरबसल्या लोकांच्या वेबसाइटी सांभाळायच्या, हा तिचा धंदा. तिच्या ब्राउझरमध्ये एक ॲड-ऑन होतं. ती हो म्हणेपर्यंत ते कुठल्याही पानामागची एकही स्क्रिप्ट, म्हणजे पान चालवणारा छोटा प्रोग्राम, चालू देत नसे. "एकेकाला आत घेऊ. दारात कोण कोण उभं आहे ते तरी कळू दे."

"आईपेक्षा कडक आहात."

"आईंनी अशी चौकशी केली असती तर मी या घरात आले असते का? लिहा आता, भावजी."

परवानगी मागणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव खात्याचं होतं. तिने परवानगी दिली, मजकूर दिसला. दुसरं अक्षरांच्या वळणाचं, तिसरं चित्रांचं. रकाने उघडले. त्याने एका बोटाने लिहिलं: बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने आवळून बांधला आहे. सोडला तर पुन्हा बांधतात. दाब वाढला तर वाफेला बाहेर पडायला वाट नाही.

'पाठवा' दाबलं. बटण ढिम्म.

"अजून एक राहिलंय. त्याला घेतल्याशिवाय जाणार नाही," ती म्हणाली आणि थांबली.

"द्या की मग परवानगी. दादा आत्ता त्याच शेडमध्ये आहे."

"मला सांगताय? माझा नवरा आहे तो. फोनसुद्धा गेटवर काढून घेतात." तिने माउसवरून हात उचलला. "भावजी, तुमचा खिसा बघा."

त्याने मान खाली घातली. खिशावर लाल दोऱ्याने कारखान्याचं नाव शिवलेलं होतं. पडद्यावर परवानगी मागत होतं तेही तेच.

तिने पान सरकवत तळाशी नेलं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, या संकेतस्थळाची देखभाल कारखान्याच्या सौजन्याने.

"सौजन्य," तो म्हणाला. "पाळीला दुसरा चहा मागितला की कुठे जातं हे?"

"हो म्हटलं की तुम्ही काय लिहिलंय ते त्यांना दिसणार. कुठून लिहिलं तेही."

त्याने खिशावरचं नाव तळव्याने झाकलं. "आमच्या पाळीच्या फिटरनेही याच पानावरून लिहिलं होतं. निनावी. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड चालेना. आम्ही आपसांत चुगलखोर शोधत बसलो. मुकादमाशी मी अजून बोलत नाही."

वहिनीने खात्याचा नंबर लावला. स्पीकरवर एक बाई आल्या. तिने सगळं सांगितलं.

"त्या शेवटच्यालाही परवानगी द्या, मॅडम. सगळे देतात. फोनवर निनावी तक्रार घेत नाही आम्ही."

दिराने फोन आपल्याकडे ओढला. वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं, मग बिल्ला नंबर. वहिनीने त्याचा दंड घट्ट धरला होता, पण अडवलं नाही.

"संपलं निनावी," तो म्हणाला. "बॉयलरवरचा माणूस बोलतोय. व्हॉल्व्ह बांधलेला आहे आणि सकाळची पाळी आत आहे."

"साहेबांना कळवते. तुम्ही जरा लाइनवर..."

"साहेबांनाच द्या. आणि ते गाणं लावू नका. बॉयलर बंद करायला आत्ता तुमच्याकडून कोण निघतंय? माझं नाव मी दिलं. आता त्याचं सांगा."