सगळीकडे तीच ओळ

“बघ, सगळ्या हिंदी पेपरांनी तेच छापलंय. ‘मकान खाली था.’ घर रिकामं होतं, ईशा. आता उगाच घोळ घालू नकोस,” मिलिंद मुलीला म्हणाला.

ईशाने मोबाइल खाली ठेवला नाही. बड़ा बाज़ारातलं भानुमतीकाकूंचं जुनं घर आज सकाळी कोसळलं होतं. भिंती फुगल्या म्हणून काकू आणि त्यांचा मुलगा सलील गेल्याच महिन्यात ते सोडून ईशाच्या शेजारी राहायला आले होते; थोडं सामान मात्र अजून तिथल्या तळघरातच होतं. सलील आज बसने मऊरानीपुर गावाला जाणार होता. त्याचा फोन लागत नव्हता. बसमध्ये असेल, असं सगळे म्हणत होते. घर रिकामं, म्हणून शोध थांबला होता. ढिगारा सपाट करायला बुलडोझर निघाला होता.

काकू ईशाच्या घरी आतल्या खोलीत पडून होत्या. घर पडलं तेव्हा त्या समोरच उभ्या होत्या. धुळीतून त्यांना इथं आणलं, डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. झोपेतही त्यांचा हात कॉटवरून लोंबत फरशी चाचपत होता.

“हाक मारतोय,” त्या पुटपुटल्या.

“धक्का बसलाय त्यांना,” मिलिंद हळूच म्हणाला.

ईशाच्या मोबाइलवरच्या बातम्यांच्या ॲपमध्ये एकाच घटनेच्या सगळ्या बातम्या शेजारीशेजारी दिसत. ईशा त्या जुळवून पाहत होती. एकात घर दुमजली, दुसरीत तिमजली. कुठे ते पहाटे पडलं, कुठे उन्हं वर आल्यावर. मालकाचं नावही धड नव्हतं. फक्त ती एक ओळ सगळीकडे सारखी.

“बाबा, बाकी सगळं चुकलंय. मग एवढंच सगळ्यांचं बरोबर कसं?”

“खरं असेल म्हणून.”

“किंवा एकाचं पाहून बाकीच्यांनी उतरवलं असेल.”

ती मागे जात सर्वांत पहिल्या बातमीपाशी थांबली. तिथे ओळ जरा लांब होती. ‘बाहर खड़ी वृद्धा ने बताया कि मकान खाली था.’

“वृद्धा?” मिलिंद थबकला. “तिथं तर काकूच होत्या.”

ईशा आत धावली. काकूंचे डोळे उघडे होते.

“काकू, पेपरवाल्याशी तुम्ही बोललात?”

“बोलवतंय कुठं! तोंडात माती. हिंदी सुचेना, काही सुचेना. तो आपला विचारतोय, अम्माजी, अंदर कोई है? मी तळघराकडे बोट दाखवून ओरडले, खाली, भैया, खाली!”