सुरभीची बारी

नालवाडीच्या शाळेत इलाबाई दर शनिवारी पोरांना फुकट पेटी शिकवायच्या. पेट्या कमी, पोरं फार. म्हणून एकानं मागून भाता मारायचा, दुसऱ्यानं समोर बसून वाजवायचं. मीरासाठी भाता नेहमी सुरभीच मारायची. "बाई, मले कवा वाजवू देसान?" तिनं मागच्या खेपेला विचारलंच. "पुढच्या शनिवारी तुझीच बारी," बाई म्हणाल्या. मधल्या आठवड्यात सुरभी तापानं गेली. आज मीरा आली, पण समोरच्या बसकरावर बसलीच नाही. मागे जाऊन भाता मारू लागली. भाता फुगत होता, सूर निघत नव्हता. इलाबाईंना बघवेना, त्यांनी वाकून पट्टी दाबली. सूर उमटताच मीराचा हात थांबला. "तुमी काऊन वाजवून राह्यल्या बाई? आज सुरभीची बारी हाये नं." इलाबाईंनी बोट उचललं. मीरानं पुन्हा भाता धरला. रिकाम्या बसकराला म्हणाली, "वाजव नं वं."