सगळे बाहेर

"विषय चौथा," कारकुनाने वाचलं, "सभागृहासमोरच्या गटारीवरची तुटलेली फरशी बदलणे."

लगेच पाचही सदस्य खुर्च्या मागे सरकवून उठले.

"अहो, बसा की!" शिलाईवाली मागच्या बाकावरून ओरडलीच. या एका विषयासाठी ती सकाळपासून मशीन बंद ठेवून बसली होती. "मागच्या बैठकीलाही हेच केलंत. निघालात कुठे?"

"बाहेर," बेकरीवाला ओशाळून म्हणाला. "माझं घर याच रस्त्यावर आहे ना ताई. नियम आहे."

नियम अख्ख्या शहराला पाठ होता. ज्याचं घर ज्या रस्त्यावर, त्याने त्या रस्त्याच्या ठरावाला खोलीत थांबायचं नाही. भिंतीवरचा नकाशा काढला तेव्हा ते ठीक होतं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मध्ये दोन रस्ते, खालचा आणि वरचा. खालच्यांचा विषय निघाला की वरचे मत द्यायचे, वरच्यांचा निघाला की खालचे. पुढे डोंगराची माती घसरायला लागली आणि वरची बिऱ्हाडं एकेक करत खाली आली. शेवटचा उरलेला बेकरीवाला. त्यानेही यंदा भट्टी खाली आणली. आता रस्ता एकच, आणि सदस्य झाडून सगळे त्याच रस्त्याचे. गाडीचा तिसरा गिअर पडायच्या आत शहर संपतं. पण नगरपालिका आहे, शिक्का आहे, नियम आहे.

"मग तो नियम बदला ना!"

"त्यालाही ठराव लागतो," नगराध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी शिलाईवालीला लहानपणी पाढे शिकवले होते, आणि आवाज अजून तोच होता. "तो ठरावसुद्धा याच रस्त्याचा. म्हणजे आम्ही पुन्हा बाहेर."

शिलाईवालीने डोक्याला हात लावला. "बाई, मी पदरमोड करून फळी टाकली, तर तीही तुमच्या माणसांनी उचलून नेली."

"अतिक्रमण होतं ते," कारकून म्हणाला.

"आमच्या आप्पांचा व्यायाम बंद पडलाय. दवाखाना त्या टोकाला दिसतोय, आणि चाकाची खुर्ची दाराबाहेर निघत नाही. मागच्या खेपेला शेजाऱ्यांनी उचलली, तर खुर्चीसकट सगळे गटारीत जायचे राहिले. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर ते पुन्हा उभे राहणार नाहीत."

"कळतं गं मला," बाई म्हणाल्या. तिच्या खांद्यावर थोपटलं आणि त्याही बाहेर गेल्या.

कळत सगळ्यांनाच होतं, त्याचाच तर संताप होता. एखादा दुष्ट भेटला असता तर त्याच्याशी चार हात करता आले असते. खोलीत आता ती आणि कारकून. कारकुनाला मत नव्हतं. तो पंख्याकडे बघत बसला.

ती तरातरा बाहेर आली. पाचही जण गटारीच्या कडेला घोळका करून उभे होते. सलूनवाला वाकून तुटलेली फरशी बघत होता. औषधवाला म्हणत होता, "अर्ध्या दिवसाचं काम आहे हो."

पलीकडे, घराच्या उंबऱ्यात, चाकाच्या खुर्चीवर तिचे वडील, आप्पा, बसले होते. आज बैठक म्हणून त्यांनी मुलीकडून इस्त्रीचा शर्ट घालून घेतला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. हा नियम त्यांचाच. ते नगराध्यक्ष असताना त्यांच्या सख्ख्या भावाने ठराव करून आपल्याच दारात दिव्याचा खांब रोवून घेतला. आप्पांनी खांब उपटला, नियम केला, आणि भावाने मरेपर्यंत बोलणं टाकलं.

"सगळे आले का बाहेर?" आप्पांनी विचारलं.

"आलो, आप्पा," सलूनवाला म्हणाला.

"बाई दिसत नाहीत त्या."

"ही काय मी," दिव्याच्या खांबाच्या जुन्या खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

"शाब्बास!" आप्पांचा चेहरा खुलला. "असंच पाहिजे. कुणीही असो, बाहेर म्हणजे बाहेर."

शिलाईवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आप्पा, तुम्हाला दवाखान्यात जायचंय की नाही?"

"जायचंय की. पण रीतसर."

"रीतसर! आत मत द्यायला आता कोण आहे, ठाऊक आहे?"

"कोण?"

"खुर्च्या."

आप्पांनी घोळक्यावरून नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावर थांबत. मग त्यांनी वर डोंगराकडे पाहिलं. जिथे वरचा रस्ता होता तिथे आता नुसती लाल माती होती. त्यांचा हात आपसूक शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला आणि त्यांनी ते सोडलं.

"तेव्हा," ते मुलीला म्हणाले, "शहर एवढं लहान नव्हतं गं."