सारसोळ्याचा फोन

अकराच्या ठोक्याला मोठ्या पडद्यावर लाल ठिपका लुकलुकला आणि नंदकुमारनं मनातल्या मनात गोजराला शाबासकी दिली. चला, फोन तरी वेळेवर केला. एरवी नऊ वाजता भांड्यांना ये म्हटलं की ही बया पावणेदहाला उगवते.

समोर निधी समितीचे सात जण काजू चघळत बसले होते. त्यांनी आज मान हलवली की शहराच्या पोलीस मदतवाहिनीला दुसऱ्या टप्प्याचे कोटी मिळणार होते आणि नंदकुमारला त्या प्रकल्पाचं प्रमुखपद. एवढ्या मोलाच्या कामाला खराखुरा फोन कोण वापरतो? लोक घाबरले की वाट्टेल ते बरळतात. म्हणून त्यानं सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं. नेरूळच्या बाजूचे फोन अर्धा तास या पडद्याच्या एकाच लाइनीवर वळवले होते. गाडी सकाळपासून सारसोळे गावात देवळापाशी आणून उभी केली होती. आणि रडायला त्याच गावातली गोजरा होती. "दारुडा नवरा मारतोय म्हणून सांग," त्यानं तिला काल स्वयंपाकघरात समजावलं होतं. "तुमच्याकडे रोजचंच आहे ते, तुला काय शिकवायचं?" गोजरा कढईचं खरकटं काढत राहिली होती.

फोन हवालदार पुतळाबाईंनी उचलला. नंदकुमारला तिथं एखादी चटपटीत, इंग्रजी बोलणारी पोरगी हवी होती, पण तशी एकच होती, ती नेमकी रजेवर. पुतळाबाई जवळच्याच दिवाळे गावच्या. बावीस वर्षं हेच काम करत होत्या. कोणत्या गावात कुणाचं घर कोणत्या झाडामागं, याची एक जाडजूड वही त्यांनी केली होती. नंदकुमारनं ती गेल्याच आठवड्यात कपाटात टाकून कुलूप लावलं होतं. आता सॅटेलाइट आलाय, बाई, असं वर ऐकवलंही होतं.

"बोल बाय, काय झाला?" पुतळाबाईंनी विचारलं.

स्पीकरवर श्वास ऐकू आला. मग दबका आवाज. "दार फोडताय वो तो. कोयता हाय त्याचे हातान. मी पोरीला घेवून मोरीन बसलेय."

समितीतल्या एका बाईंनी काजू खायचं थांबवलं. नंदकुमार खूश झाला. पण कोयता कशाला घातला हिनं? या लोकांना एक सांगावं तर ही दोन करतात.

"कुठं ऱ्हातेस?"

"सारसोळा. जेट्टीचे वाटंला, वडाचे मागं."

नंदकुमारचं डोकं फिरलं. देवळामागं म्हणायचं, हे चार वेळा घोकून घेतलं होतं तिच्याकडून. पडद्यावर आलंच शेवटी, 'पत्ता सापडला नाही.' मागे कुणीतरी खाकरलं. नंदकुमार हसत हसत पुढं वाकला आणि त्यानं स्वतःच्या हातानं ठिपका उचलून देवळावर ठेवला.

पुतळाबाईंनी माइकवर हात धरला. "साहेब, ही सोंग नाय करत. आन् घर वडामागं सांगते ती. गाडी तिकडं धाडा, दोन मिन्टांची वाट हाय."

"तुम्ही गावच्या बायका ना, सगळ्याच नाटक कंपनीतल्या," नंदकुमार दात न दिसू देता पुटपुटला. "बसा गप."

स्पीकरवर काहीतरी धाडकन आदळलं. एक लहान मूल रडायला लागलं. हिनं मूल कुठून पैदा केलं, असं नंदकुमारच्या मनात येऊन गेलं. शेजारणीचं आणलं असेल. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही.

"ऑडिओ फारच क्लिअर आहे हो," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"इंपोर्टेड सिस्टिम, सर," नंदकुमार म्हणाला.

तिकडं देवळापाशी गाडीतल्या शिपायानं ठरल्याप्रमाणे तीन मिनिटं घड्याळाकडं बघत काढली आणि टॅबवरचं 'पोहोचलो' बटण दाबलं. त्यासाठी त्याला गाडीतून उतरावंही लागलं नाही. लाल ठिपका हिरवा झाला. स्पीकर बंद पडला. गाडी पोहोचली की समोरच्याची लाइन आपोआप तुटते, ही खास नंदकुमारची सूचना होती. लाइनी उगाच अडकून राहत नाहीत.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'तीन मिनिटं दहा सेकंद.' टाळ्या पडल्या. मघाच्या त्या बाईंनी पुन्हा काजू उचलला. अध्यक्षांनी नंदकुमारचा हात हातात घेऊन सांगितलं, की दुसऱ्या टप्प्याचं आता नक्की समजा. बाहेर जेवणाची ताटं वाजायला लागली होती.

पुतळाबाई मात्र तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होत्या. रिंग जात होती. कुणी उचलत नव्हतं. नंदकुमारनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. उंटावरून शेळ्या हाकतो म्हणून हीच बाई पाठीमागं आपल्याला नावं ठेवते, हे त्याला ठाऊक होतं. आता बघ म्हणावं, आल्या की नाही शेळ्या बरोबर गोठ्यात. गोजराला मात्र काहीतरी द्यायला हवं. बायकोला, चारुलताला, एखादी जुनी साडी काढायला सांगू. कामाला वेंधळी असली तरी रडली झकास.

तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. घरकामाच्या बाईचं नाव बघून त्याला हसूच आलं. बक्षिसाची घाई झाली वाटतं. अध्यक्षांना "एक मिनिट, सर," म्हणून त्यानं फोन कानाला लावला.

"साहेब, मी गोजरा. अकरापासून लावतेय तुमचा तो नंबर, बिझीच लागतोय. आता रडू काय?"