जोडीचा कौल

कुशाबा भगतानं चिमूटभर तांदूळ पाटावर टाकले, तशी देवळातली कुजबुज थांबली. दाणे जोडीजोडीनं सरकवायचे. सगळे जोडीनं गेले तर देवाचा होकार, एक उरला तर नकार. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला महादेव कोळ्यांची ती वाडी. तिथं या कौलापुढं कुणाचं काही चालत नसे.

आज प्रश्न सोमाजीच्या वृषालीचा होता. सातवी झाली, पुरे झालं, आता नारायणगावला टोमॅटो तोडायला न्यायची, असं बापाचं म्हणणं. पोरीला घोडेगावच्या वसतिगृहात राहून आठवी करायची होती. ती खांबाला धरून उभी होती.

वाडीच्या शाळेतली बाई तेजस्विनी कुशाबाला भेटायला आलेल्या पाहुणीला सगळं इंग्रजीत समजावत होती. पाहुणी नायजेरियाची, योरुबा लोकांची पुजारीण. तिला इया अबेनी म्हणत. इया म्हणजे आई. गावच्या जमिनीसाठी ती सरकारशी भांडली होती. पोरांना आपली भाषा, आपले पूर्वज कळावेत म्हणून तिनं शाळा काढली होती. देवाला तीही विचारायची, सोळा बिया टाकून.

तिला कुशाबा दाखवताना तेजस्विनीची छाती फुगली होती. धरणग्रस्तांचे मोर्चे काढले ते यानं. पोरांना रानातली झाडं-पाखरं शिकवली तीही यानंच. आणि ती स्वतः? वाडीतली पहिली शिकलेली पोर. एक्याण्णव साली याच पाटावर देवानं तिच्या शाळेसाठी जोडी दिली होती. हे ती नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा सांगून आली होती.

कुशाबाची बोटं शेवटाला आली, जराशी थबकली. मग त्यानं पाटावरून तळहात फिरवला.

"जोडी," तो म्हणाला. "सोमाजी, पोर शाळेत जाईल."

सोमाजीनं पाटाला हात लावून कपाळाला नेला. "देवच म्हनतोय, तर मी कोन?"

वृषाली खांबाआड रडायला लागली.

माणसं पांगली. इया अबेनी कुशाबापुढं गुडघे टेकून बसली, तिकडं थोरांपुढं बसतात तशी, आणि हळूच काही बोलली. तेजस्विनी चरकली. हे सांगावं तरी कसं? पण सांगितलं.

"कुशातात्या, त्या म्हणतात, मी लहानपणापासून बिया मोजत आलेय. एक दाणा उरला होता."

कुशाबानं मूठ उघडली. तळहाताला तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

"व्हता," तो म्हणाला. "तुझ्या येळेलाबी व्हता, तेजू."